प्रकाशाची जाळी आणि भोसरीचे कारखाने

भोसरी-चाकण पट्ट्यातील कुशल कारागिराला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, समजावून सांगावा लागत नाही. त्यावरच त्याचा माल पास होतो अथवा परत येतो. पुण्यातच, पाषाणच्या ‘आयसर’मध्ये, याहूनही बारीक घरांची जाळी विणली गेली आहे, आणि तीही निव्वळ प्रकाशाची! समोरासमोरून सोडलेले दोन लेसर किरण एकमेकांत मिसळले की प्रकाशाच्या स्थिर लाटा उभ्या राहतात. दोन शिखरांतील अंतर तरंगलांबीच्या निम्मे. रुबिडियमच्या प्रयोगांत ते सुमारे 0.4 मायक्रॉन भरते. निरपेक्ष शून्याच्या निकट थंड केलेले अणू अशा जाळीत, ट्रेमधील अंड्यांप्रमाणे, बसून राहू शकतात. जाळी क्षणभर पेटवून-विझवून अणूंना ठोके देण्याचा डॉ. उमाकांत रापोल व सहकाऱ्यांचा प्रयोग 2017 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

केंद्राने 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. ते परदेशी उपकरणांच्या बिलांतच जिरणार काय? लेसर उद्याच येथे होणार नाहीत, हे मान्य. परंतु निर्वात पात्रे आणि आरसे अचल धरणारे ठोकळे भोसरीत का घडू नयेत? प्रयोगशाळांनी नकाशे घेऊन कारखान्यांचे दार ठोठवावे. मागणी दहा नगांची असेल, दहा हजारांची नव्हे. एवढी झळ कारखानदारांनाही सोसावी लागेल.