इटलीचा बेत : आधी व्हिसा, मग तिकीट

आशागडचे आम्ही चार कापडवाले दोस्त आठ दिवस इटलीला जायचे म्हणतो. एकाला रोम हवे. आमचा हट्ट कोमो आणि प्रातोचा. कोमो रेशमी कापडाचे गाव. प्रातोत जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काततात. एकोणिसाव्या शतकापासूनचा धंदा. फ्लॉरेन्सहून रेल्वेने अर्धा तास. ऑगस्ट टाळावा, गिरण्या बहुतेक बंद असतात. खेडी पाहायला मोटार हवी. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. जुन्या शहरांत मनाईच्या हद्दीत गाडी घातली की दंड घरपोच येतो!

मागे व्हिसाआधीच तिकिटे काढून आम्ही रक्कम बुडवली. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. 30,000 युरोचा विमा लागतो. रोमवाला दोस्त रुसला होता, त्याला शेवटचे दोन दिवस दिले.