शिकागोचें छायायंत्र

घड्याळांत बारा वाजले तरी सूर्य अजून मध्यान्हीं आलेला नाहीं, हा अनुभव माध्यान्हसंध्येची वेळ कटाक्षानें पाळणाऱ्या आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींस नवा नाहीं. मग खरी दुपार कोणती, सूर्याची कीं घड्याळाची? अमेरिकेंतील शिकागो शहरीं मिशिगन सरोवराच्या कांठीं एक कांस्यशिल्प हाच प्रश्न रोज विचारीत उभें आहे.

हें शिल्प सुप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचें. उंची सुमारें १३ फूट. नांव ‘मानवाचा विश्वांत प्रवेश’ अशा अर्थाचें. तेथील अॅडलर तारामंडळ १९३० सालीं उघडलें. त्यानंतरच्या पन्नास वर्षांतील ज्योतिषशास्त्राच्या प्रगतीचें स्मारक म्हणून १९८० सालीं हें त्याच्या अंगणांत उभारण्यांत आलें. ओझरतें पाहणारास तें केवळ एकमेकींत अडकलेल्या दोन मोठ्या कमानींचें कोडें वाटावें. वस्तुतः तें छायायंत्र आहे.

धनुष्यास प्रत्यंचा चढवावी त्याप्रमाणें एका कमानीच्या दोन टोकांमध्यें एक सरळ कांब बसविली आहे. शिकागोचे अक्षांश सुमारें ४२. तितक्याच अंशांनीं ती जमिनीपासून उचललेली, म्हणजे पृथ्वीच्या अक्षास समांतर व ध्रुवाकडे रोंखलेली आहे. तिची छाया दुसऱ्या कमानीच्या आंतील अंगावर पडते. ही कमान विषुववृत्ताच्या पातळींत असल्यामुळें छाया तासाला बरोबर १५ अंश सरकते, आणि तासांच्या खुणा समान अंतरावर येतात. जमिनीवर आडव्या मांडलेल्या यंत्रांत तसें होत नाहीं. ज्यांनीं जयपूरचें सम्राटयंत्र पाहिलें असेल त्यांस हें तत्त्व ओळखीचें वाटेल. तेथें कांबेच्या जागीं सुमारें ९० फूट उंचीची तिरकी भिंत आहे, इतकेंच.

आतां गंमत पहा. सूर्याचा वेळ अमेरिकेंत मोडीत निघाला तो याच शहरीं! गांवोगांवचें निराळें घड्याळ आगगाड्यांस परवडेना, म्हणून १८८३ च्या आक्टोबरांत रेल्वेचे अधिकारी शिकागोस जमले, आणि १८ नोव्हेंबरपासून मोठमोठ्या प्रदेशांस एकच वेळ लागू झाला. त्या दिवशीं शिकागोचीं घड्याळें सुमारें साडेनऊ मिनिटें मागें घेण्यांत आलीं. असल्या सक्तीचा राग आपल्या मुंबईकरांस चांगला ठाऊक होता. १९०६ सालीं हिंदुस्थानचा प्रमाणवेळ आला तरी त्याहून ३९ मिनिटें मागें असणारा ‘मुंबई टाइम’ या शहरानें १९५५ पर्यंत सोडला नाहीं.

म्हणून मनगटावरील घड्याळाकडे पाहून ‘यंत्र चुकतें’ म्हणणाऱ्या प्रवाशाशीं आम्ही सहमत नाहीं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ, तिचा अक्ष कललेला. त्यामुळें सूर्याचे दिवस सारख्या लांबीचे नसतातच, आणि त्यांत उन्हाळ्यांत कायद्यानें घड्याळें तासभर पुढें ढकललेलीं! नोव्हेंबरच्या मध्यास या कमानीवर बारा वाजतात तेव्हां घड्याळांत अकरा पस्तीस झालेले असतात. जुलैंत मात्र त्याच खुणेवर छाया येईपर्यंत एक वाजावयास येतो. सरोवरावरून ढग चालून आले, म्हणजे मात्र यंत्र मुकें होतें, आणि मंडळी निमूटपणें आपापल्या मनगटाकडे पाहूं लागतात.