साखरेच्या एका दाण्यात पंचवीस हजार मेंढ्या

सातारा-सांगलीत साखर पोत्यांनी आणि टनांनी मोजतात. इथे एकच दाणा घेऊ, बारीकसा, अर्धा मिलिग्रॅम वजनाचा. फलटणच्या किंवा जतच्या माळावर माजावर आलेल्या दख्खनी मेंढीच्या अंगात साधारण २ लिटर रक्त असतं. तिला माजावर आणणारं स्टेरॉइड संप्रेरक म्हणजे इस्ट्राडायोल. त्या दिवशी ते ऐन भरात असतं, तरी मिलिलिटरमागे १० पिकोग्रॅमच्या आसपासच. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक! सगळ्या रक्तातलं गोळा केलं तर २० नॅनोग्रॅम भरेल. म्हणजे साखरेच्या त्या दाण्याएवढं इस्ट्राडायोल २५,००० मेंढ्यांच्या रक्ताला पुरेल. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. मेंढे-कोकरं सगळी माद्या धरून एकदम माजावर आणली, तरी हिशेब शंभरेक दाण्यांत मिटतो.

एवढं कमी मोजायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने रक्तातली संप्रेरकं मोजण्याची पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाअखेरीस काढली, आधी इन्सुलिनसाठी; १९७७मध्ये यालोंना नोबेल मिळालं.

पण वजन फसवं आहे. रेणू मोजायला बसलं तर त्याच मेंढीच्या रक्ताच्या एका थेंबात इस्ट्राडायोलचे ११० कोटी रेणू निघतात, आणि अख्ख्या अंगात ४४ लाख कोटी. स्टेरॉइडं चरबीत विरघळतात, त्यामुळे पेशीचं आवरण त्यांना अडवत नाही. आत शिरून ती थेट जनुकांची कळ दाबतात.

एवढी सेना निघते ती मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसकडे. तिथे ज्यांच्या इशाऱ्याशिवाय अंडं सुटत नाही, अशा चेतापेशी काही हजारच आहेत. गंमत म्हणजे इस्ट्राडायोलचा निरोप त्यांना थेट वाचता येत नाही. तो किसपेप्टिन बनवणाऱ्या शेजारच्या पेशी वाचतात आणि पुढे पोचवतात. एरवी हे संप्रेरक मेंदूला आवरतं. पण पातळी पुरेशी चढून काही तास टिकली की तोच मेंदू उलटा वागतो, इशाऱ्यांचा पूर सोडतो आणि दिवसभरात अंडं सुटतं. मात्र माज दिसायचा तर त्याआधी प्रोजेस्टेरॉनचा अंमल होऊन गेलेला असावा लागतो. मेंढीचं चक्र १७ दिवसांचं. त्यातले बरेचसे दिवस प्रोजेस्टेरॉन इस्ट्राडायोलच्या शेकडो पटींनी जास्त असतं आणि मेंदूला तयार करतं. ती तयारी झाली नसेल तर अंडं सुटतं, पण मेंढी माज दाखवत नाही. हाच मुका माज.

आता फलटणची गोष्ट. दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच कोकरू. जतच्या बाजूची उंचीपुरी माडग्याळही एकाचीच धनी. बी. व्ही. निंबकरांनी १९६८मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी सुंदरबनातल्या बुटक्या गारोळ मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनीत आणलं. ‘नारी सुवर्णा’ ती हीच. मेंढीच्या जनुकसंचात सुमारे २६० कोटी अक्षरं आहेत. बदल आहे तो फक्त एका अक्षराचा. त्याने एका प्रथिनातलं २४९वं अमिनो आम्ल बदलतं. हे २००१मध्ये कळलं. ऑस्ट्रेलियाच्या प्रसिद्ध बूरूला मेरिनोतही हाच बदल आहे, आणि तिकडे तो अठराव्या शतकाअखेरीस बंगालहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांतून पोचला असं मानतात.

या एका अक्षराने मेंदूचा हिशेब बदलत नाही, आणि मला तरी सगळ्यात जास्त चक्रावून टाकतं ते हेच. साध्या मेंढीत अंड्याची एकच पुटी सहा-सात मिलिमीटरपर्यंत वाढते आणि मेंदूला पटेल एवढं इस्ट्राडायोल एकटी बनवते. बूरूलात पुट्या तीन-चार मिलिमीटरलाच पिकतात. एकेकीचं उत्पादन तोकडं, पण त्या अनेक, आणि सगळ्यांची बेरीज पुन्हा त्या एका मोठ्या पुटीएवढीच! मेंदू अंडी मोजत नाही, बेरीज मोजतो. ती पुरी झाली की हुकूम सुटतो. मग सुटणारं अंडं एक असो की तीन.

म्हणून माजावर आलेली मेंढी पाहून ती जुळ्याची की एकाची, हे धनगरालाही सांगता येत नाही. रक्त काढून जनुकाची तपासणीच करावी लागते. शिवाय मेंदूच्या या बेरजेत दुधाचा हिशेब नसतो. १५० दिवसांनी दोन कोकरं खाली पडली की त्यांना पाजायचं, आणि वाडा हलला की तळापासून तळापर्यंत घोड्यावर घालून न्यायचं, हे सगळं धनगरणीच्या अंगावर येतं. कळपात जुळी किती हवीत, हा निर्णय म्हणूनच प्रयोगशाळेपेक्षा वाड्यावर जास्त बारकाईने होतो.