तांजोंग पगारमधून निवडणूक लढवायची आहे? आधी हे गैरसमज दूर करा

बँकेत किंवा आयटीत वीसेक वर्षं काढायची, पंचेचाळिशीत काम बदलायचं आणि मग म्हणायचं, ‘आता लोकांसाठी काहीतरी करू.’ असं म्हणणारी माणसं सिंगापूरच्या मराठी घरांतही भेटतात. ऑफिस तांजोंग पगारला असेल, तर निवडणूकही तिथूनच लढवावी असं मनात येतं. पण पुण्या-मुंबईचे राजकीय ठोकताळे इथे लागू पडत नाहीत.

गैरसमज : आधी नगरसेवक व्हावं, मग पुढचं बघावं.

वस्तुस्थिती : सिंगापूरमध्ये नगरसेवकाची निवडणूकच होत नाही. १९५७ साली सिटी कौन्सिलची निवडणूक झाली आणि ओंग एंग गुआन महापौर झाले. पण १९५९ मध्ये अंतर्गत स्वराज्य आल्यावर कौन्सिलचा कारभार सरकारकडे गेला. आजचे पाच महापौर नेमलेले असतात, लोक त्यांना निवडून देत नाहीत. एचडीबी, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतींमधल्या लिफ्ट, साफसफाई, ब्लॉकची रंगरंगोटी ही कामं १९८८च्या कायद्याने आलेल्या टाउन कौन्सिलकडे असतात आणि ती खासदार चालवतात. म्हणजे काम नगरसेवकाचं, पण निवडणूक मात्र संसदेची.

गैरसमज : इच्छा असेल तर एकट्यानेही अर्ज भरता येतो.

वस्तुस्थिती : एकसदस्यीय मतदारसंघात येतो. तांजोंग पगार मात्र १९९१पासून जीआरसी, म्हणजे सामूहिक मतदारसंघ आहे. इथे पाच जणांनी एकत्र उभं राहायचं आणि एकत्रच जिंकायचं किंवा हरायचं. जीआरसीच्या गटात किमान एक जण अल्पसंख्य समाजातला असावा लागतो. त्या जागेवर मलय हवा की भारतीय किंवा इतर अल्पसंख्य, हे मतदारसंघानुसार आधीच ठरलेलं असतं.

सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू १९५५पासून २०१५मध्ये निधन होईपर्यंत तांजोंग पगारचे प्रतिनिधी होते. जीआरसी झाल्यावर २०११पर्यंत इथे दर वेळी बिनविरोध निवड झाली. २०११ला विरोधात पाच अपक्ष आले होते, पण त्यांचे कागद मुदतीनंतर ३५ सेकंदांनी पोचले आणि ते बाद झाले. त्या वर्षी देशात बिनविरोध निकाल लागला तो फक्त इथेच. पहिलं मतदान झालं २०१५ला. सत्ताधारी पीएपीला २०२०मध्ये सुमारे ६३ टक्के मतं पडली, तर २०२५मध्ये ८१ टक्के.

गैरसमज : चाळिशी उलटली म्हणजे उशीर झाला. शिवाय नोकरीही सोडावी लागणार.

वस्तुस्थिती : २१ वर्षं पूर्ण असावीत, एवढीच वयाची अट आहे, कमाल मर्यादा नाही. आज इथल्या गटाचं नेतृत्व करणारे चान चुन सिंग लष्करप्रमुखपद सोडून २०११ला राजकारणात आले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. आल्विन टॅन लिंक्डइनमधून आले, तर फू सेशियांग वाहतूक मंत्रालयातलं पद सोडून. सरकारी नोकराला राजीनामा द्यावाच लागतो. खासगी नोकरीतला माणूस मात्र निवडून आल्यावरही काम चालू ठेवू शकतो, अर्थात मंत्री झाला नाही तर.

गैरसमज : पीआर, म्हणजे कायम रहिवासी असला तरी चालतं, पण मँडरिन यायलाच हवी.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. नागरिकत्व हवंच, शिवाय सिंगापूरमध्ये एकूण किमान दहा वर्षं वास्तव्य हवं. इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ यांपैकी कोणतीही एक भाषा बोलता-लिहिता-वाचता आली की पुरे.

गैरसमज : पैसा हवा, आणि तो गावाकडून उभा करता येईल.

वस्तुस्थिती : २०२५ला अनामत रक्कम माणशी १३,५०० सिंगापूर डॉलर होती, म्हणजे पाच जणांचे ६७,५००. एक अष्टमांशापेक्षा कमी मतं पडली तर ती जप्त होते. प्रचाराचा खर्च गटाला मतदारामागे ५ डॉलरपुरता बांधून दिलेला होता. परदेशी देणगी घेता येत नाही. तेव्हा सांगलीतल्या मामांनी प्रेमाने पाठवलेले पैसेही प्रचाराला चालणार नाहीत.

गैरसमज : पक्षात गेलं, चार कार्यक्रम केले, की तिकीट मिळतं.

वस्तुस्थिती : पीएपीत तिकीट मागायची रीत नाही. पक्षच हेरलेल्या माणसांना चहाला बोलावतो आणि मुलाखतींच्या फेऱ्या घेतो. खरी पारख होते ती खासदारांच्या ‘मीट द पीपल’ सत्रांत. ही प्रथा तेव्हाचे मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल यांनी १९५५ला सुरू केली. संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली जातात. लोक नंबर घेऊन बसतात. कुणाचं भाडं थकलंय, कुणाला दंड माफ करून हवाय. कार्यकर्ता ऐकून घेतो, संबंधित खात्याला पत्राचा मसुदा करतो, खासदार सही करतो. विरोधी पक्षांतही घरोघर फिरणं चुकत नाही. आजवर बैठका चालवलेल्या माणसाला इथे आधी मुकाट्याने ऐकायला शिकावं लागतं. वर्षभर हे जमलं, तर निवडणुकीचा विचार पुढे न्यावा.

आणि एक गोष्ट आजच तपासा. मतदान इथे सक्तीचं आहे. मागच्या वेळी कामासाठी परदेशी असल्याने मत द्यायचं राहिलं असेल, तर मतदारयादीतून तुमचं नाव निघालेलं असतं. ते पुन्हा लावून घेतल्याशिवाय मतही देता येत नाही आणि उमेदवारही होता येत नाही. सबळ कारण नसेल, तर त्यासाठी ५० डॉलर भरावे लागतात.