भाव एक, पडतो वेगळाच : ईरी कालवा ते नायगारा

व्यापारात नवा उतरलेला मुलगा गिरणीचा भाव विचारतो. मुरलेला व्यापारी विचारतो, माल दुकानात येऊन कितीला पडेल? गाडीभाडे, हमाली, विमा, दलाली मिळवल्यावरच खरा भाव कळतो. कापडाच्या धंद्यात उमर गेली, तरी हा धडा अमेरिकेच्या सफरीत आम्हाला पुन्हा गिरवावा लागला. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे स्थायिक आहेत व आईवडील त्यांच्याकडे जातात, म्हणून हा हिशेब वाचकांपुढे ठेवत आहोत.

तिकडे ‘आर. व्ही.’ म्हणजे चाकांवरचे घर भाड्याने मिळते. मोटारीतच बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि संडास. आपल्या लोकांना ही सोय फार उपयोगी. हलाल गोश्त बरोबर घेऊन स्वतः रांधता येते, वुजूला पाणी हाताशी असते, बायकामुलांना पडदा राहतो. आम्ही न्यूयॉर्क शहराहून निघालो, ऑल्बनीवरून पश्चिमेला वळलो आणि बफेलोमार्गे नायगाराला पोहोचलो. वाटेत बराच काळ ईरी कालव्याची सोबत होती.

हा कालवा म्हणजे भाड्याच्या हिशेबाची शाळाच आहे. पूर्वी बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल बैलगाडी-घोडागाडीने आणायला सुमारे १०० डॉलर लागत. म्हणजे आतल्या मुलखात धान्य पिकले तरी बाजारात येईतो मालापेक्षा भाडे जड होई. गव्हर्नर डी विट क्लिंटन यांनी १८१७ साली खोदाई सुरू केली, तेव्हा लोकांनी ‘क्लिंटनचा खड्डा’ म्हणून थट्टा केली. १८२५ साली ३६३ मैलांचा कालवा पुरा झाला. रुंदी ४० फूट, खोली अवघी ४ फूट, खर्च सुमारे ७० लाख डॉलर. पण काठावरून चालणारी जनावरे पाण्यावरची ३० टनांची होडी ओढू लागली आणि टनाचे भाडे १० डॉलरच्या आसपास आले. जकातीतून खर्च वसूल झाला आणि न्यूयॉर्क देशाचे पहिल्या क्रमांकाचे बंदर बनले.

होड्या डोंगर कशा चढत? त्यासाठी ‘लॉक’ असतात. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. होडी आत घेऊन दार लावायचे, वरचे पाणी सोडायचे, की होडी आपोआप वर उचलली जाते. लॉकपोर्ट गावी असे पाच लॉक पायऱ्यांसारखे एकामागे एक आहेत. ज्या कड्यावर होड्या चढवण्यासाठी ही खटपट करावी लागली, त्याच कड्यावरून थोड्या अंतरावर नायगारा कोसळतो. ईरी सरोवर ऑन्टारिओ सरोवरापेक्षा सुमारे ३२६ फूट उंचावर आहे, त्या उतारातला मोठा टप्पा हा धबधबा.

वाटेत दक्षिणेला वळून सेनेका सरोवर आणि वॉटकिन्स ग्लेनच्या घळीतले १९ धबधबेही पाहिले. जवळचा टॉघॅनॉक धबधबा २१५ फूट, म्हणजे उंचीत नायगाऱ्यापेक्षा सरस, पण पाणी थोडे.

पुढे रेल्वे आली, हमरस्ते आले, १९५९ साली सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला. जिथे माल स्वस्त पडला तिथे व्यापार गेला. आज ईरी कालव्यात मुख्यतः सहलीच्या बोटी दिसतात.

इतके पाहूनही आम्ही स्वतः चुकलो. गाडी घेताना फक्त रात्रीचे भाडे विचारले. परत देताना मैलांचे वेगळे, जनरेटरच्या तासांचे वेगळे आणि मैल्याची टाकी रिकामी न केल्याचे वेगळे पैसे मोजावे लागले. कंपनीने फसवले नव्हते. सारे करारात छापलेले होते, आम्हीच न वाचता सही केली होती.

समजा, जाऊन-येऊन १,००० मैल झाले. गाडी गॅलनला १० मैल देत असेल तर १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर इंधन. मैलामागे ४० सेंट लागत असतील तर ४०० डॉलर आणखी. शिवाय विमा आणि रात्री गाडी उभी करण्याच्या जागेचे भाडे. म्हणून सारे आकडे आधी कागदावर घ्यावेत. गाडीची उंचीही विचारून ठेवावी, कारण न्यूयॉर्ककडच्या ‘पार्कवे’ रस्त्यांवरचे पूल ठेंगणे आहेत. नायगाऱ्याच्या कॅनडाच्या काठावर जायचे तर व्हिसा वेगळा लागतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. आपण खातेवही लिहितो, पण दुसऱ्याने लिहिलेला कागद वाचायला कंटाळतो. सूत खरेदी असो, यंत्र असो की सहलीची गाडी, भाव ऐकून खूश होऊ नये. शेवटी कितीला पडेल ते विचारावे, मग बिस्मिल्ला करावी.