खिशात उरलेलं पान

गिरगावातून निघून धोबीतलाव ओलांडलं की आलंच आझाद मैदान. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा गुंता इथलाच. मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगातून कथानायक गंगाधरपंत परततात. त्या जगातली बखर मैदानात हरवते, खिशात उरतं तिचं एक फाटलेलं पान. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली, हा आपला इतिहास. पानावर मात्र ती कानाजवळून निसटते! मग हे स्वप्न की दुसरं जग? कथेत पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे क्वांटम सिद्धांताचा आधार घेतात: इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल, आधी सांगता येत नाही; तशी जगंही अनेक असू शकतात. मला त्या स्पष्टीकरणापेक्षा पान अधिक पटतं. स्वप्नातला कागद खिशात येत नाही. पण नेमकं तेच जग का? त्या जगात जाण्याच्या क्षणी, ट्रक आदळला तेव्हा, पंतांच्या डोक्यात पानिपतच घोळत होतं.