हॉस्पिटलमध्ये पेशंट का पडतात? बेड अलार्म आणि स्मार्टवॉच किती कामाचे?

घरातलं कोणी ॲडमिट झालं की रात्री थांबायची ड्युटी बहुतेक वेळा तरुण पोरांवर येते. कानात इअरफोन, हातात मोबाईल, शेजारी बेडवर आजोबा झोपलेले. रात्री दोनला त्यांना लघवीला लागते. 'पोराची झोप कशाला मोडायची' म्हणून ते एकटेच उठतात आणि पडतात. न्यूमोनियासाठी आलेला माणूस खुब्याचं हाड मोडून बसतो. मग हे थांबवणारं एखादं गॅजेट नाही का? आहे, पण ते काय करतं हे आधी समजून घ्या.

पेशंट पडतात का?

झोपलेला माणूस झटकन उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात झोपेच्या गोळ्या, पडून राहून अशक्त झालेले पाय आणि अनोळखी खोली.

धोका मोजायला नर्स 'मोर्स फॉल स्केल' वापरतात. जॅनिस मोर्स यांची ही पद्धत 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. यात सहा गोष्टींना गुण देतात. आधी पडले असतील तर 25, सलाईन चालू असेल तर 20, टेबल-खुर्ची धरून चालत असतील तर 30. एकूण गुण 125. अनेक ठिकाणी 45 च्या पुढे धोका जास्त मानतात.

बेड अलार्म कसा चालतो?

गादीवर किंवा गादीखाली प्रेशर सेन्सरचा पॅड असतो. अंगाचं वजन हटलं की तो वाजतो. पण तो वाजेपर्यंत पेशंट उठलेला असतो आणि सिस्टर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असू शकतात. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या 16 युनिट्समध्ये याची चाचणी झाली. 2012 मध्ये निकाल आला: अलार्मचा वापर वाढला, पण पडण्याच्या घटनांमध्ये ठळक फरक पडला नाही.

आणि स्मार्टवॉच?

तुमच्या फोनमधलाच ॲक्सेलेरोमीटर त्यातही असतो. पडताना त्याचं रीडिंग बदलतं आणि आपटल्यावर एकदम उसळतं. ॲपल वॉचमध्ये ही सोय 2018 च्या सिरीज 4 पासून आली. जोरात पडल्यावर माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ इमर्जन्सी कॉल लावतं. घरी एकट्या राहणाऱ्या माणसासाठी हे मोलाचं आहे. पण ही मदत पडल्यानंतरची. पडणं अडवायचं काम माणसालाच करावं लागतं.

मग तुम्ही काय करायचं?

- झोपण्याआधी आणि रात्री मध्ये एकदा, त्यांनी मागायच्या आधीच 'बाथरूमला जायचंय का?' विचारा. हवं तर मोबाईलवर व्हायब्रेशनचा अलार्म लावा.
- उठवताना आधी बसवा, पाय खाली सोडू द्या, एक-दोन मिनिटं थांबा, मग उभं करा.
- बेड खाली घ्या, चाकांचे ब्रेक बघा. बेल, चष्मा, पाणी हाताशी ठेवा.
- तुमच्या चार्जरची वायर वाटेत नको. तीच पायात अडकते.
- सलाईनच्या स्टँडला चाकं असतात. त्याचा आधार घेऊ देऊ नका.
- रेलिंग लावली म्हणून निर्धास्त होऊ नका. गोंधळलेला पेशंट ती ओलांडायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो.

पडलेच तर घाईने उचलू नका. आधी सिस्टरना बोलवा. डोक्याला लागलंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे लगेच सांगा.

आणि आज रात्री ड्युटीवर असाल तर एक इअरफोन काढून ठेवा. आजोबांना सांगा, 'कितीही वाजता उठवा, मी त्यासाठीच थांबलोय.' हे वाक्य ऐकलं की ते एकटे उठायच्या आधी तुम्हाला हाक मारतील.